पप्पांची लांबलचक प्रार्थना

आमच्याकडे कुणी पहिल्यांदा जेवायला आलं की आई त्यांना बाजूला घेऊन सांगायची, "पोळ्या मी मागाहून गरम वाढते, आधी भूक थोडी धरून ठेवा." पाहुणे हसायचे. त्यांना वाटायचं, स्वयंपाकाला उशीर आहे. मग पानं वाढली जायची, सगळे बसायचे, पप्पा डोळे मिटायचे, आणि पाहुण्यांना आईच्या बोलण्याचा अर्थ कळायचा.

पप्पा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले आणि आमच्या चर्चच्या मंडळीतले जुने पंच. एरवी ते कमी बोलायचे. पण जेवणाआधीची प्रार्थना सुरू झाली की त्यांना कुणालाच मागे ठेवून पुढे जाता यायचं नाही. अन्नाबद्दल आभार मानून झाले की ते पिकवणारे, मग ते रांधणारी, मग मंडळीतले आजारी, बाळंतीण, परीक्षेला बसलेली मुलं, प्रवासाला निघालेले. उन्हाळ्यात नळ कोरडा पडला की पाणी सोडणाऱ्या माणसाला सुबुद्धी. तोवर वरणावर साय धरलेली असायची. आईचा धीर सुटला की ती बांगड्या वाजवायची. पप्पा डोळे न उघडता म्हणायचे, "आणि हिला सहनशक्ती दे," आणि तेवढ्याने प्रार्थना आणखी लांबायची.

मी लग्न केलं नाही. रामदासपेठेतल्या एका शाळेत शिकवते आणि आईवडिलांच्याच घरी राहते. त्यामुळे या प्रार्थना मी जन्मभर ऐकल्या, आणि खरं सांगायचं तर पुष्कळदा त्या ऐकताना भाजीत मीठ कमी असेल का याचाच विचार केला.

आमच्या भिंतीला भिंत लागून मावशींचं घर आहे. नात्याच्या नाहीत, शेजारच्या म्हणून मावशी. मूळच्या नागपुरातल्याच महाल वस्तीतल्या, विणकरांच्या घरातल्या. हातमाग त्यांच्या सासऱ्यांबरोबरच गेला. नवरा ऑटो चालवायचा, तोही लवकर वारला. एकुलता एक मुलगा आखाती देशात क्रेन चालवतो. एकदा त्या विरजण मागायला आल्या तेव्हा आमची प्रार्थना सुरू होती. वाटी हातात धरून दारातच उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या कानावर आपल्या मुलाचं नाव पडलं. "परमुलखात उंचावर बसून काम करतो, त्याला सांभाळ," असं पप्पा म्हणत होते. आमेन झाल्यावर मावशी विरजण घेऊन गेल्या. पण त्यानंतर विरजण मागायला त्यांना नेमकी आमच्या जेवणाचीच वेळ सापडू लागली. विरजण नको असलं तर त्या आपल्या खिडकीत उभ्या राहायच्या. दोन खिडक्यांमध्ये हातभर बोळ, सगळं स्पष्ट ऐकू जायचं.

नाताळच्या सुमारास पप्पांचा आवाज बसला. घरोघरी फिरून गाणी म्हटल्यामुळे असेल असं वाटलं. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं. थंडी सरली, कुलर बाहेर काढायचे दिवस आले, तरी आवाज परतला नाही. मग एका सकाळी चूळ भरताना रक्त पडलं.

धंतोलीतल्या दवाखान्याबाहेर यवतमाळ-गडचिरोलीहून आलेली माणसं डबे आणि चादरी घेऊन बसलेली. आम्ही त्यांच्यातच बसलो. डॉक्टरांनी तपासून झाल्यावर तंबाखूचं विचारलं. पप्पांनी मान खाली घातली. मंडळीचे पंच, त्यांनी काय सांगावं?

"खर्रा खातात," आई म्हणाली. "रविवारी उपासनेच्या आधी पण."

पप्पांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की ते कुणालाच माहीत नाही.

"खिसे मीच धुते ना," आई म्हणाली.

डॉक्टरसुद्धा हसले. मग त्यांनी समजावून सांगितलं की घशात कॅन्सरची गाठ आहे, नेमकी कशाने झाली ते सांगता येणार नाही, पण स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचण्याची आशा आहे, आवाजाची नाही. पप्पांनी विचारलं की गिळता येईल ना. येईल, डॉक्टर म्हणाले. मग ठीक, असं पप्पांनी मानेनंच सांगितलं, जणू आतापासून सवय करत होते.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी चर्चचे पाळकसाहेब येऊन गेले. त्यांनी प्रार्थनेत देवाला दवाखान्याचा मजला आणि खाटेचा नंबरही सांगितला. ते गेल्यावर पप्पा खरखरत्या आवाजात म्हणाले, "बरं झालं सांगितलं. नाहीतर तो बिचारा खालच्याच मजल्यावर शोधत बसला असता." मी इतकी हसले की नर्स बघायला आली.

संध्याकाळी आईनं डब्यातून मऊ खिचडी आणली. त्यानंतर पप्पांना काही खायचं नव्हतं. आम्ही दोघी खाटेच्या कडेला बसलो, डोळे मिटले. मला वाटलं, आज ते सगळ्या नागपूरची नावं घेणार. आज मी एकही शब्द सोडणार नव्हते.

"प्रभू, पुष्कळ दिलंस," पप्पा म्हणाले. "आमेन."

मी डोळे उघडले. आई त्यांच्याकडे बघत होती. आई एरवी शाळेत शिकलेली भाषा बोलते, पण जिवाचं बोलताना उमरेडकडची तिची माहेरची बोली तोंडात येते.

"काहून इतकी लहान केली?" ती म्हणाली. "अजून करा न."

"झाली न. त्याला सगळं माहीत आहे."

"त्याले माहीत असन. मले ऐकायची आहे."

पप्पांनी तिचा हात धरला. त्यांनी चमचा उचलला आणि खिचडी खाल्ली. ती गरम होती.

ऑपरेशन नीट पार पडलं. घरी आले तेव्हा गळ्याला एक भोक होतं आणि त्यावर पांढरा मऊ रुमाल. श्वास तिथूनच चालायचा. गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र मिळतं, ते आम्ही आणून पाहिलं. त्यातून पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा सपाट आवाज निघाला. पप्पांनी ते खाली ठेवलं, पाटी घेतली आणि लिहिलं, "देव घाबरेल." यंत्र पुन्हा कपाटातून निघालं नाही.

पहिल्या दिवशी जेवायला बसलो, आणि पप्पांनी नेहमीसारखे डोळे मिटले. आम्हीही मिटले. कुलरची घरघर, बाहेर भाजीवाल्याची आरोळी. आमेन कधी होणार ते कळायला काहीच मार्ग नव्हता. मी एक डोळा उघडून बघितलं, तर आईनंही एक डोळा उघडलेला. पप्पांचे ओठ हळूहळू हलत होते. नावं चालली होती. आम्ही दोघींनी पुन्हा डोळे मिटले आणि थांबलो. वरणावर साय धरली. आईनं बांगड्या वाजवल्या नाहीत.

तीन-चार दिवसांनी मावशी आल्या. हातात वाटी नव्हती. पप्पांसमोर बसल्या, पदर सारखा केला, तब्येतीचं विचारलं. मग जे विचारायला आल्या होत्या ते विचारलं.

"भाऊ, मी रोज खिडकीत उभी राहून राहिले. काहीच ऐकू नाही येत. माह्या पोराचं नाव आता कोन घेईन?"

पप्पांनी पाटीवर लिहून दाखवलं की मी रोज घेतो, मनात.

"तुम्ही घेत असान," मावशी म्हणाल्या. "तुमच्यावर भरोसा नाही असं नाही भाऊ. पन त्याचं नाव कोनाच्या तरी तोंडून ऐकलं की मले जेवन जाते. घरात मी एकटीच आहो न."

त्या गेल्यावर पप्पा बराच वेळ पाटी मांडीवर घेऊन बसले. रात्री पानं वाढली तेव्हा त्यांनी डोळे मिटण्याआधी आईकडे बोट केलं. तू कर. आईनं साफ नकार दिला. तिनं जन्मात मोठ्यानं प्रार्थना केली नव्हती. बाईमाणसानं चारचौघांत काय बोलायचं, अशी तिच्या आईची शिकवण. पप्पांनी पुन्हा बोट केलं. आई माझ्याकडे वळली. मी हात जोडून बसले होते, मदतीला गेले नाही.

शेवटी आईनं घसा खाकरला. अन्नाबद्दल आभार मानले. मग अडली. पप्पांनी डोळे न मिटताच पोटावर हात ठेवून तोंड वाकडं केलं.

"हां," आई म्हणाली, "त्या पोटदुखीवाल्या बाईंना बरं कर."

पप्पांनी हातानं बाळ जोजवलं. आईनं बाळंतीण घेतली. मग त्यांनी शेजारच्या भिंतीकडे बोट केलं आणि दोन्ही हात वर नेऊन क्रेनचे दांडे ओढल्यासारखं केलं. आईनं मावशींच्या मुलाचं नाव घेतलं. मोठ्यानं, खिडकीकडे तोंड करून. तिकडून भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग पप्पांनी काहीतरी केलं, ते आईला कळेना. त्यांनी परत केलं. आई वैतागून म्हणाली, "प्रभू, हे काय म्हणून राहिले ते तूच पाहून घे. आमेन." पप्पा हसले. हसण्याचा आवाज नव्हता, गळ्यातल्या भोकातून नुसती हवा फुरफुरत होती आणि खांदे हलत होते. रुमाल उडून वरणात पडायचा राहिला.

त्यानंतर घरात असंच चाललं. देवाधर्मात खुणांचा खेळ बसतो की नाही, मला माहीत नाही. पण त्या दिवसांत आम्ही जितकं हसत हसत देवाशी बोललो तितकं आधी कधी बोललो नव्हतो. आई हळूहळू तयार झाली. पुढे पुढे ती इतकी लांबवायला लागली की पप्पा ताटाच्या कडेवर बोट वाजवायचे.

मग थंडीत गाठ परत आली. या वेळी डॉक्टरांनी फार समजावलं नाही. गिळणं बंद झालं, पोटात नळी घातली. आई तिच्यातून दूध, पेज, डाळीचं पाणी सोडायची. तरीही पानं वाढली की पप्पा येऊन आपल्या खुर्चीवर बसायचे. समोर ताट नसायचं. प्रार्थनेला हात जोडायचे, खुणा करायचे, नावं पुरवायचे. आमेन झालं की उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन बसायचे, आम्हाला जेवता यावं म्हणून. आईच्या घशाखाली घास उतरायचा नाही. मग ते आत येऊन पाटी दाखवायचे. पाटीवर "जेवा" असं लिहिलेलं असायचं. तो शब्द त्यांनी नंतर पुसलाच नाही, रोज तीच पाटी उचलून आणायचे.

मे महिन्यातल्या एका सकाळी, ऊन अजून भिंतीवरून खाली उतरलं नव्हतं तेव्हा, ते गेले. मी पाणी भरत होते. आई त्यांच्याजवळ होती. तिनं मला हाक मारली नाही. मी आत गेले तेव्हा ती त्यांच्या गळ्यावरचा रुमाल बदलत होती, स्वच्छ, घडी उलगडून.

त्याच दिवशी दुपार ढळल्यावर दफन झालं. पाळकसाहेबांनी चांगली प्रार्थना केली. माणसं पुष्कळ होती, गरम फार होतं. सगळे पांगल्यावर आम्ही दोघी घरी आलो. घरात चूल पेटली नव्हती. मावशी वरण-भात आणि आलूची भाजी घेऊन आल्या. त्यांनीच ताटं शोधली, वाढलं. मी भुकेनं आणि थकव्यानं भात कालवायला हात घातला, तर त्यांनी मला अडवलं.

"थांब वं पोरी. तुमचं ते करा न आधी."

आईनं मान हलवली. तिला जमणार नव्हतं. मी बोलायला तोंड उघडलं, पण पहिल्याच शब्दाला रडू फुटलं. मग मावशींनी पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि डोळे मिटले.

"हे भाऊच्या देवा," त्या म्हणाल्या, "अन्न दिलं, बरं केलं." आणि मग त्यांनी सगळ्यांना घेतलं. पिकवणारे, रांधणारी. पोटदुखीवाली बाई, जिला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. परीक्षेची मुलं, शाळेला सुट्टी लागलेली असूनही. पाणी सोडणारा माणूस. नावं थोडी इकडची तिकडे झाली, पण सुटलं कुणी नाही. आपल्या मुलाला त्यांनी अगदी शेवटी घेतलं. आणि मग म्हणाल्या, "भाऊले आता तूच सांभाळ." आमेन म्हणायचं त्यांना सुचलं नाही. आई म्हणाली, "आमेन," आणि जेवली. थोडंसं, पण जेवली.

आई त्यानंतर कितीतरी रविवार चर्चला गेली नाही. बायका येऊन धीराच्या चार गोष्टी सांगायच्या, ती चहा करायची. रात्री तिला झोप लागत नसे. मला तिच्या खोलीतून खाट कुरकुरल्याचं ऐकू यायचं.

पावसाळा निम्मा सरला असेल. एका रविवारी मी उठले तर ती न्हाऊन, पांढऱ्या काठाची साडी नेसून तयार होती. मी स्कूटर काढली. चर्चमध्ये आम्ही मागच्या बाकावर बसलो. गाणी झाली, वाचन झालं. पाळकसाहेबांनी प्रवचन सुरू केलं तेव्हा आईचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मला वाटलं, रडते आहे. बघितलं तर झोपली होती. तोंड किंचित उघडं, श्वास सावकाश. पुढच्या बाकावरच्या बाईनं वळून पाहिलं आणि तिला उठव अशी खूण केली.

मी खांदा हलू दिला नाही. प्रवचन लांबलं, माझा हात बधिर झाला, आणि मी देवाकडे एवढंच मागितलं की पाळकसाहेबांना आज अजून काही मुद्दे सुचू देत.