देव्हाऱ्यातली चावी

ती चावी माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही. काळी, अंगठ्यापेक्षा जरा मोठी, दोन बटणांची. नोकरीतले खुनाचे आणि दरोड्याचे तपास आता एकमेकांत मिसळून गेलेत, पण ही साधी गाडीचोरी मात्र वेगळी राहिली आहे. यात मी कुणाचंच नाव लिहीत नाही. खरं तर माझं लिहायला हवं होतं, पण ते पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आहेच.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मंचरला मी सहायक निरीक्षक होतो. बाजाराच्या दिवशी भर दुपारी जवळच्याच गावातला एक कांदा-बटाट्याचा मोठा बागायतदार ठाण्यात आला. त्याची सहा महिन्यांची गाडी मार्केट यार्डाबाहेरून गेली होती. ड्रायव्हर चहा प्यायला गेला आणि परत येतो तो जागा मोकळी. रस्त्यावर काचेचा तुकडा नव्हता. समोरच पोती उतरवणाऱ्या हमालांनी अलार्मही ऐकला नव्हता.

त्या काळी रिमोटच्या चाव्या आमच्या भागात नवीन होत्या आणि आम्हाला त्यांचं भारी अप्रूप होतं. चावीच्या डोक्यात एक चिप असते, ती गाडीला पटली तरच इंजिन चालतं, नाहीतर वेगाच्या काट्याजवळ लाल दिवा लुकलुकत राहतो. शोरूममधल्या माणसाने मला फोनवर ठासून सांगितलं की या चावीची नक्कल होत नाही, दुसरी हवी तर कंपनीतूनच येते. म्हणजे चाव्या दोनच. एक ड्रायव्हरच्या खिशात, दुसरी मालकाच्या घरी देव्हाऱ्याच्या खणात. मी गणित मांडलं आणि उत्तरही काढून मोकळा झालो.

ड्रायव्हर चाळिशीचा होता. पंधरा वर्षं त्याच घरात गाडी चालवत होता. नंतर मला कळलं की पंचक्रोशीत कुठेही लग्न असलं की कार्यालयाच्या दारात लोक गाडी लावायला त्याच्या हातात चाव्या देऊन बिनघोर आत जायचे. दहा-बारा गाड्यांच्या चाव्या एकट्याच्या खिशात. त्याची सगळी अब्रू त्या खिशात होती म्हणा ना. पण तपासात अब्रूला रकाना नसतो.

दुसऱ्या दिवशी आमच्या खबऱ्याने बातमी आणली. चोरीच्या आठ-दहा दिवस आधी हाच ड्रायव्हर हायवेलगतच्या एका चावीवाल्याच्या दुकानात अर्धा तास बसला होता. मला आणखी काय हवं होतं? मी त्याला आणवलं. अंगझडती घेतली, चावी आणि लायसन जमा केलं, अटक दाखवली. कोर्टाने तीन दिवसांची पोलीस कोठडी दिली.

चौकशीत माणसं साधारण दोन तऱ्हांनी वागतात. चोर फार बोलतो आणि घाबरलेला निर्दोष त्याहून जास्त बोलतो. हा गृहस्थ कशातच बसत नव्हता. दुकानात गेला होतास का, तर होय म्हणाला. कशासाठी, तर गप्प. तासभर तेच. शेवटी मान खाली घालून म्हणाला,

"साहेब, गाडी मी न्हाई नेली. पर तिथं कशाला गेलतो त्ये नका इचारू. मला सांगता यायचं न्हाई."

मी त्याच्या कानाखाली मारली. एकदा नाही. तेव्हा ते काम समजलं जायचं, असं लिहून मला सुटता येईल, पण सुटायचं नाही म्हणूनच हे लिहायला बसलोय. तो रडला नाही, ओरडलाही नाही. मला वाटलं, मुरलेला आहे.

तिसऱ्या दिवशी मालकाने घरची चावी आणून दिली. विमा कंपनीला दोन्ही चाव्या लागतात, म्हणून आधी पंचनाम्यात घ्यावी एवढाच विचार होता. पंच समोर बसले होते. मी वर्णन सांगत होतो आणि हवालदार लिहीत होते. चावी उजेडात फिरवली तर दोन्ही झाकणांच्या फटीत लाल रेघ दिसली. नखाने खरवडली. कुंकू होतं. त्याच फटीत काहीतरी पांढरं वाळून बसलं होतं आणि छोट्या स्क्रूवर ताजे ओरखडे होते.

आता, कुंकवाचं मला नवल वाटायचं कारण नव्हतं. खंडेनवमीला आम्हीही ठाण्यात रायफली मांडून पूजा करतो. पण आमचे शस्त्रागाराचे हवालदार दरवर्षी ओरडायचे, "हळदकुंकू वाहा, फुलं वाहा, पाणी शिंपडू नका." ते ओरडणं एकदम कानात आलं. शेतकऱ्याच्या घरात विळे-कोयते मांडतात, ते धुऊनच मांडतात. मग नव्या गाडीची चावी?

मी बागायतदाराच्या घरी गेलो. त्याची म्हातारी आई सोप्यात लसूण सोलत बसली होती. चावीबद्दल विचारताच तिचे हात थांबले. आधी मुलगा घरात आहे का ते तिने पाहिलं. तो नाही म्हटल्यावर बोलली. खंडेनवमीला तिने चावीला पंचामृताची आंघोळ घातली होती. गणपतीला घालतो, टाकांना घालतो, मग एवढ्या महागाच्या वस्तूला कोरडं कसं ठेवायचं? मुलाने तर चावीला हात लावायचा नाही म्हणून बजावलेलं. दोन दिवसांनी पाहिलं तर बटण दाबून गाडी उघडेना. मुलगा संतापी, घर डोक्यावर घेईल, म्हणून तिने ती ड्रायव्हरकडे दिली आणि गुपचूप दुरुस्त करून आणायला सांगितली.

"माझ्या गळ्याची शपथ घातली त्याला," ती म्हणाली. "म्हटलं, कुणाला सांगितलंस तर माझं मढं बघशील. लई गुणाचा हाय. कुटं बोलायचा न्हाई."

ड्रायव्हर सासुरवाडीला गेलाय, असं तिला घरात सांगितलं होतं. तो कुठे आहे हे मला सांगावं लागलं. तिने माझ्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मारलं का रे बाबा त्याला?"

मी जीपमध्ये जाऊन बसलो.

पुढचं सगळं सोपं होतं, आणि ते पहिल्याच दिवशी सोपं होतं. ड्रायव्हर त्या दुकानात का गेला याचा मी तीन दिवस कीस काढला, पण दुकानदाराला एकदाही बोलावलं नव्हतं. आता बोलावलं, तर तो तासाभरात बोलला. दही-मधाने रिमोटची आतली सर्किटची पट्टी खराब झाली होती. ती त्याने स्पिरिटने पुसली, नवा सेल टाकला, रिमोट चालू झाला. इंजिनाची चिप मात्र वेगळी असते, तिला पाण्याने काही होत नाही. ड्रायव्हरला चहा सांगायला पाठवून तेवढ्यात त्याने त्या चिपची नक्कल यंत्रावर उतरवून घेतली आणि तशाच दुसऱ्या चावीला दातेही पाडले. नक्कल होत नाही म्हणणारा शोरूमवाला आणि त्याच्यावर विसंबणारा मी, दोघेही अडाणी. गाडी बाजाराच्या दिवशी कुठे लागते हे ड्रायव्हरनेच गप्पांत भाबडेपणाने सांगितलं होतं. चावीवाल्याच्या साथीदाराकडून शेजारच्या जिल्ह्यात, नंबर बदललेली गाडी मिळाली.

ड्रायव्हरविरुद्ध पुरावा नाही असा अहवाल मी कोर्टात पाठवला आणि तो सुटला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी फाशीच्या जरा अलीकडे थांबवलं होतं. वरिष्ठांनी शाबासकी दिली, तीही मी घेतली.

मालकाने त्याला परत कामावर बोलावलं. तो गेला, महिनाभर राहिला. पण लग्नसराई आली आणि कार्यालयाच्या दारात लोक आपापल्या चाव्या खिशात घालून आत जाऊ लागले. कुणी वाईट बोललं नाही. त्याला पोलिसांनी नेलं होतं, एवढं लक्षात राहिलं. का सोडलं, ते विचारायला कुणाला सवड नव्हती. त्याने गाडी सोडली.

निवृत्तीनंतर मी लेण्याद्रीला गेलो होतो. पायथ्याशी नारळ-फुलांचं दुकान मांडून तो बसला होता. त्याने मला ओळखलं आणि पाणी दिलं. मी माफी मागितली. ती मागायला मला इतकी वर्षं लागली याची लाज आजही वाटते. तो म्हणाला, "म्हातारी गेली साहेब. माझ्या हातनं शपथ मोडली न्हाई, तिनंच मोडली, एवढं बरं झालं."

निघताना माझ्या गाडीच्या रिमोटचं बटण चालेना. तो लांबूनच पाहत होता. "सेल संपलाय," म्हणाला. "आतली चावी काढून दार उघडा. आन् चालू करताना रिमोट ष्टार्टच्या बटणाजवळ धरा, घेईल गाडी."

मला काही जमेना. मी चावी त्याच्यापुढे धरली. त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"नको साहेब. तुमच्याच हातात असू द्या. मी सांगतो तसं करा."

तो सांगत गेला आणि मी करत गेलो. गाडी चालू झाली. गप्प राहणारा माणूस कुणाला तरी जपत असू शकतो, हे मी त्या तपासात शिकलो. पण ज्याच्या जिवावर शिकलो, त्याचे हात शेवटपर्यंत पाठीमागेच होते.