फिलूचा वाकडा केक

केक करणाऱ्या माणसाच्या घरात एक डबा असतोच. केक ओव्हनमधून निघतो तेव्हा वरून फुगलेला असतो. तो फुगवटा सुरीने कापून केक सपाट करावा लागतो, आणि कापलेले तुकडे टाकवत नाहीत म्हणून त्या डब्यात जातात. महिन्याभरात डबा गच्च. किस्स्यांचं तसंच आहे. मुद्दाम कोणी साठवत नाही, पण एक दिवस झाकण लागेनासं होतं.

माझं दुखणं एवढंच की माझ्या डब्यातले बहुतेक किस्से फिलूचे आहेत. माझे केक सरळ असतात, आणि सरळ केकचा किस्सा होत नाही.

आधी ओळख सांगतो. मी सतीश. बावीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो, म्हणजे इमारतींची ड्रॉइंग काढायचो. कंपनीने गाशा गुंडाळला तेव्हा बायकोची, माधवीची, नोकरी चालू होती, मुलगी जुई शाळेत जात होती आणि मी घरी बसलो होतो. नवघरला आमच्या बिल्डिंगखालीच हेमाबेनचं केकच्या सामानाचं दुकान आहे. तिने दहा दिवसांचा क्लास काढला. आम्ही पाच जण, त्यात पुरुष मी एकटा. आणि उत्तनच्या बाजूच्या चौक गावातून रोज बसने येणारी फिलोमिना. सगळे तिला फिलू म्हणायचे, मग मीही म्हणायला लागलो. ती मात्र मला 'सर' म्हणते, कारण पहिल्याच दिवशी मी पिशवीतून स्पिरिट लेव्हल काढली. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला वापरतात ना, बुडबुडा असलेली पट्टी, ती.

"सर, केक करायचाय का भिंत बांधायचीय?" फिलूने विचारलं.

सगळा क्लास हसला. तेव्हापासून सुरुवात झाली.

*

शेवटच्या दिवशी परीक्षा होती. क्रीमचे गुलाब काढायचे. मी चोवीस काढले, फूटपट्टीने अंतर मोजून, सगळे एकसारखे. फिलूने पहिला गुलाब काढला तो सरळ सरळ कोबी झाला. मला, खोटं कशाला बोलू, जरा बरं वाटलं.

फिलूने त्या कोबीकडे एकदा बघितलं आणि शेजारी दुसरा कोबी काढला. मग हिरव्या मिरच्या, चार टोमॅटो, दोन वांगी आणि मधोमध टोपली घेऊन बसलेली एक लठ्ठ बाई. झाला भाजीबाजार. हेमाबेन हसून हसून स्टुलावर बसली.

माझ्या केककडे बघून ती म्हणाली, "सतीशभाई, एकदम सरस. बिलकुल दुकान जैसा."

मी खूश झालो. फोटो मात्र भाजीबाजाराचा निघाला आणि दुकानाच्या काचेवर लागला. तो अजून तिथेच आहे. मला दिवसातून चार वेळा दिसतो.

*

चौकहून नवघरला केक आणायचा म्हणजे आधी बस, मग स्टेशनचा पूल, मग रिक्षा, आणि वाटेत स्पीडब्रेकर किती ते विचारूच नका. फिलूचा केक घरातून निघतो तेव्हा गोल असतो. इथे पोचेपर्यंत त्याने स्वतःचं काहीतरी ठरवलेलं असतं.

तिची पहिली ऑर्डर आमच्याच सोसायटीत होती. आरव नावाचा मुलगा पाच वर्षांचा होणार होता, त्याला लाल गाडीचा केक हवा होता. आम्ही सगळे जमलेलो. डबा उघडला तर गाडी एका बाजूला सरकून डब्याच्या भिंतीवर नाक घासून बसलेली. एक चाक गायब. आरवचा खालचा ओठ थरथरायला लागला, त्याची आई पांढरीफटक पडली. मी मनात म्हटलं, गेली आता ही.

फिलू गुडघ्यांवर बसली आणि आरवला म्हणाली, "ॲक्सिडंट झालाय. गॅरेजमध्ये न्यायला पायजे. हात धुवून कोन कोन येतंय?"

बेसिनपुढे पोरांची रांग लागली. फिलूने पर्समधून क्रीमची डबी काढली, आरवच्या आईकडून वाटी-चमचे मागवले, आणि अर्धा तास पंधरा पोरं त्या गाडीची रिपेअरिंग करत होती. कोणी बिस्किटाचं चाक लावलं, कोणी जेम्सच्या गोळ्यांचे दिवे. शेवटी गाडीला पाच चाकं झाली. आरवने पाचवं चाक कोणाला कापू दिलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात फिलूला तीन फोन आले. तिन्ही घरचं एकच म्हणणं, "थोडा तुटलेलाच आणा हं."

मी घरी येऊन खूप बोललो. "ही काय पद्धत झाली? अर्धं काम गिऱ्हाइकाकडून करून घ्यायचं?"

माधवी भाजी निवडत होती. म्हणाली, "तू तिथे काय करत होतास पण? आरवची आई सांगत होती, तू एक दिवा लावलास."

लावला होता. बाकीच्यांनी वाकडा लावला होता म्हणून मी सरळ लावला.

*

चौथ्या मजल्यावरच्या नाईक काका-काकूंच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली. केक फिलूचा, दोन मजली. पोचला तेव्हा वरचा मजला घसरून खालच्याच्या खांद्यावर टेकलेला. त्या दिवशी काका-काकूंचं सकाळपासून वाजलं होतं. काका काकूंच्या भावाला बोलवायला विसरले होते. दोघं बोलत होते ते आमच्यामार्फत. "त्यांना सांगा सुरी आणायला," असं.

फिलूने केककडे बघून काकूंना विचारलं, "काकू, यातला कोन कोनावर रेललाय?"

काकू फणकाऱ्याने म्हणाल्या, "हे माझ्यावर. पस्तीस वर्षं."

काका म्हणाले, "मग आता सरकू नको."

काकूंना हसू फुटलं. दोघांनी केकसारखेच तिरके उभे राहून फोटो काढला. तो फोटो त्यांच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलाय. माझ्या एकाही केकचा फोटो कोणी फ्रेम केलेला नाही.

*

तसं माझंही कौतुक होतं, नाही असं नाही. शहा भाभींच्या मुलीच्या साखरपुड्याला मी तीन मजली केक केला. पांढरा, वर मोत्यांच्या माळा, लेव्हलचा बुडबुडा अगदी मधोमध. केक बघून लोक दोन पावलं मागे सरकले. मला वाटलं, आता बोला.

चार दिवसांनी भाभी लिफ्टमध्ये भेटल्या. मी विचारलं, "कैसा लगा, भाभी?"

"अरे सतीशभाई, इतना सुंदर था कि काटने का मन ही नहीं हुआ. अभी भी फ्रिज में रखा है."

"तो मेहमानों को क्या दिया?"

"खाने के लिए तो फिलूबेन से मंगाया था ना."

आमचं घर सातव्या मजल्यावर. मी तिसऱ्यावरच उतरलो.

*

मग मीही ठरवलं, आपणही केक बिघडवायचा. त्यात काय मोठंसं. कागद घेतला, ड्रॉइंग काढलं. सात अंशांचा कल, डाव्या कडेला पडझड, तीन ठिकाणी क्रीम ओघळलेलं. कोनमापक लावून केक कापला. ओघळ काढायलाच दीड तास गेला. नव्या गिऱ्हाइकाकडे पाठवला आणि फोनची वाट बघत बसलो.

फोन आला तो हेमाबेनचा. गिऱ्हाइकाने तिच्याकडे तक्रार केली होती.

"सतीशभाई," ती हळू आवाजात म्हणाली, "आपका केक टेढ़ा? तबियत तो ठीक है ना?"

*

मला एक संशय होता. फिलू मुद्दाम करत असणार. स्पीडब्रेकर सगळ्यांनाच लागतात, मग हिचेच केक कसे दर वेळी घसरतात? माझं टर्नटेबल, म्हणजे केक ठेवून फिरवायची चकती, तिने नेलं होतं. ते आणायच्या निमित्ताने एका सकाळी मी चौकला गेलो.

तिचं घर समुद्राच्या बाजूला, जुनं. नवऱ्याची बोट आहे, बाहेर जाळी वाळत होती. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि मला कळलं. जमीनच उतरती. ओट्याचा उतार दाराकडे, ओव्हनचं टेबल खिडकीकडे कललेलं. केक फुगायचा तोच तिरका. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण हिचं अंगण खरोखरच वाकडं होतं आणि तरी बाई नाचत होती.

मला राहवेना. मी लेव्हल काढली, तिच्या अंगणातली एक लाकडी पट्टी कापली आणि टेबलाच्या पायाखाली सारली. बुडबुडा मधोमध आला.

फिलू बघत होती. म्हणाली, "सर, आता केक सरल आला तं लोकांना कसा कलंल माझा हाय का तुमचा?"

मी म्हटलं, "लोकांना कळतं. काळजी करू नको."

परत येताना आम्ही एकाच बसने आलो. तिच्या मांडीवर ऑर्डरचा केक होता. पूर्ण रस्ता ती दोन्ही हात डब्याभोवती धरून बसली होती. पाठ टेकली नाही, कपाळावरची माशी हाकलली नाही. एका स्पीडब्रेकरला बस उडाली आणि डब्यात काहीतरी घसरल्याचा आवाज आला. फिलूने डोळे मिटले. मग माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, "झाला. आज पन पोरांना काम हाय."

मुद्दाम करत नव्हती. खरं सांगतो, मुद्दाम करत असती तर मला सोपं गेलं असतं.

*

यंदा जुई दहा वर्षांची झाली. तिचा केक दर वर्षी मीच करतो. महिनाभर आधी ड्रॉइंग तयार होतं. एक दिवस ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली, पेन्सिलींचे बॉक्स उगाच सरळ केले आणि म्हणाली, "बाबा, यंदा केक फिलू आन्टीचा आणू या?"

"का? माझा आवडत नाही?"

"आवडतो. पण तुझ्या केकला कोणी हात लावायचा नसतो."

मी बरं म्हटलं. त्या रात्री जेवताना मी कोणाशी बोललो नाही. सांगायला लाज वाटते, पण दहा वर्षांच्या पोरीवर रुसलो होतो. दुसऱ्या दिवशी फिलूला फोन केला.

"सर, तुमच्या घरी? माझा केक?"

"जुईला हवाय."

"आनते," ती म्हणाली.

वाढदिवसाला नऊ मैत्रिणी आल्या. बेल वाजायच्या आधीच सगळ्यांचे हात धुऊन झाले होते. जुईने टेबलावर वाटी मांडली, दहा चमचे मांडले, बिस्किटं, जेम्सच्या गोळ्या. सगळ्या बाह्या वर करून उभ्या. दर वर्षी माझा केक यायचा तेव्हा या पोरी भिंतीला टेकून उभ्या असायच्या.

फिलू आली. चौकपासून इथपर्यंत एकटीसाठी रिक्षा करून आली होती, आणि रिक्षावाल्याला म्हणे वरातीसारखी चालवायला लावली होती. डबा टेबलावर ठेवला, झाकण काढलं.

केक सरळ होता.

गोल, पांढरा, एकही भेग नाही. कडेने गुलाब. मी मोजले, चोवीस. कोबी एकही नाही.

"सरांच्या घरी वाकडा कसा आनू?" फिलू म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "पंधरा दिवस गुलाबच काडते. आनि टेबलाखाली तुमची पट्टी हाय ना."

मला राहवलं नाही. मी केकवर हलकेच बटरपेपर ठेवला आणि त्यावर लेव्हल ठेवली. बुडबुडा मधोमध येऊन थांबला. माझ्या केकवर तो इतका मधोमध कधीच आला नव्हता.

पोरी एकेक करून भिंतीकडे सरकल्या. जुईने आपल्या ओल्या हातांकडे बघितलं, ते फ्रॉकला पुसले आणि म्हणाली, "छान आहे, आन्टी."

तो आवाज मला ओळखीचा होता. दर वर्षी माझ्या केकला ती त्याच आवाजात छान म्हणते. फिलूनेही तो ऐकला. ती अजून हसत होती, पण तिची नजर टेबलावरच्या दहा चमच्यांवर गेली होती.

मी लेव्हल उचलायला वाकलो आणि माझा कोपर केकमध्ये गेला. चांगला दंडापर्यंत. अकरा गुलाब सपाट झाले, एक बाजू खचली आणि क्रीम टेबलावरून खाली ओघळलं.

फिलूने तोंडावर हात ठेवला. माधवी माझ्याकडे बघत राहिली. ओल्या शाईच्या ड्रॉइंगवर मी बावीस वर्षं काम केलंय आणि एकदाही कोपर लागलेला नाही, हे तिला माहीत आहे.

"लागला?" तिने विचारलं.

"लागला," मी म्हटलं.

पोरी तोवर केकवर तुटून पडल्या होत्या. मीही एक चमचा उचलला. जुईने तो माझ्या हातातून काढून घेतला.

"बाबा, आधी हात धुऊन ये."