पन्हळीवरची हाक

इसम: काएटान ट्राक्सलर. वय चव्वेचाळीस. धंदा लाकूडतोड. राष्ट्रीयत्व जर्मन. बांधा मजबूत, दात पुरेसे, अवजड कामास सक्षम. सबब युद्धातील नासाडीच्या भरपाईपोटी पूर्वेकडील कोळशाच्या खाणीत रवानगीस पात्र.

जर्मनी काएटानने पाहिली नव्हती. त्याच्या खापरपणजोबांना व्हिएन्नाच्या दरबाराने झाडं तोडायला या डोंगरात आणून वसवलं, तेव्हापासून आमच्यातलं कुणी वासर नदीचं खोरं सोडून फारसं गेलेलं नाही. पण पंचेचाळीसच्या जानेवारीत पूर्वेकडून आलेल्या सैन्याचे शिपाई जर्मन वंशाची माणसं धरायला घरोघर फिरू लागले, तसा काएटान जंगलात, पन्हळीच्या पायथ्याशी ओस पडलेल्या झोपडीत जाऊन लपला. चूल पेटवायची नाही, धूर दिसतो. खोकला आला की तोंडात टोपी कोंबायची. बायको रोझिना मक्याची गार लापशी घेऊन ओढ्याच्या पाण्यातून यायची, बर्फात पाऊल उमटू नये म्हणून. मला नेलं तर तू काय करशील, असं त्याने एकदा विचारलं.

"आधी पाय शेकीन," ती म्हणाली.

पन्हळ म्हणजे डोंगरावरून ओंडके सोडायची लाकडी वाट. तिथला नियम असा की वरच्याने हाक द्यायची, आणि खालून 'मोकळं' आल्याशिवाय ओंडका सोडायचा नाही. काएटानची हयात खालून उत्तर देण्यात गेली होती.

शिपायांनी वाट दाखवायला त्याचा मेव्हणा इग्नात्स याला धरलं. त्याने त्यांना झोपडीपासून लांब, मुद्दाम वर, पन्हळीच्या माथ्यावर नेलं. तिथे सार्जंटला ओंडका सुटताना बघायची हौस आली. हाक न देता सोडावा, तर खाली काएटान चिरडायचा. इग्नात्सने हाक दिली, "सोडतोय रे!"

"मोकळं!" खालून लगेच आलं.

सार्जंट वळून बघायला लागला. त्याला आमची भाषा येत नव्हती. "प्रतिध्वनी आहे साहेब," इग्नात्स शेजारच्या गावांतल्या, शिपायांना कळणाऱ्या रुथेनियन भाषेत मोडकंतोडकं म्हणाला, "या डोंगराला खोडच आहे ती."

"असं? मग मार पुन्हा हाक."

आपण काय करून बसलो हे खाली काएटानला एव्हाना कळलं होतं. त्याने टोपी घशापर्यंत कोंबली. इग्नात्सने हाक मारली, आणि डोंगर गप्प राहिला. तेव्हा काएटान पुन्हा ओरडला असता तर वाचला असता, असं इग्नात्स पुढे सांगायचा. तेही कुणी विचारलं तरच.

सार्जंट खाली उतरला.

धरून नेलेल्यांची आगगाडी खाणीवर पोहोचली तेव्हा काएटान तिच्यात नव्हता. वाटेतल्या एका स्टेशनवर त्याचं प्रेत उतरवलं होतं.