आभाळावरची कड

पडदे रंगवायच्या शेडमध्ये शांततेचा तांबडा दिवा लागला आणि सुतारांनी हातोड्या खाली ठेवल्या. पातळ लाकडी भिंतीपलीकडे, रंगमंचावर, वाद्यवृंदातल्या एका व्हायोलिनच्या जागेसाठी परीक्षा चालू होती. उमेदवार पडद्याआड बसून वाजवायचे. परीक्षकांना फक्त नंबर कळायचा.

"तुम्ही चालू ठेवा, निळीबाई," मुकादम हळूच म्हणाला. "तुमचा ब्रश कुणाला ऐकू जातोय?"

निळीबाई हे तिचं कामावरचं नाव. एकतीस वर्षं नाटकांचे पडदे रंगवून नखांतला निळा रंग निघेनासा झाला होता. त्याआधी तिने शिडीवर चढून दुकानांच्या पाट्या रंगवल्या, पोटात सात महिन्यांचं पोर असेपर्यंत. इथे कापड जमिनीवर अंथरायचं, बांबूला बांधलेला ब्रश घेऊन त्यावर अनवाणी चालायचं, आणि आभाळ एका दमात उरकायचं. सरसात कालवलेला पातळ रंग ओला असतानाच पुढचा हात जोडावा लागतो. थांबलं की कड वाळते आणि ती कशानेही लपत नाही. तिच्या आभाळावर आजवर कड पडली नव्हती.

निम्मं आभाळ झालं होतं. पलीकडून आवाज आला, "नंबर सात."

पहिल्याच सुराला तिचा हात अडखळला. व्हायोलिनचा गज वर नेताना शेवटी बारीकसा हिसका. या हिसक्यापायी तिने घरात किती डोकं फोडलं होतं! "मी अशी रेघ ओढली तर मला इथून हाकलून देतील," असं ती म्हणायची. "मग तूच वाजव," असं तो म्हणायचा.

तिचाच पोरगा. सकाळी म्हणाला होता, शिकवणीला जातोय. खोटं का बोलला तेही तिला कळलं. याच परीक्षेत तो दोनदा नापास झाला, दोन्ही वेळा ती दाराशी बसलेली. दुसऱ्या वेळी बाहेर येऊन म्हणाला, "आई, तू आहेस हे कळलं ना, की माझा गज थरथरतो." ही तिसरी खेप. पुढच्या परीक्षेला त्याचं वय बसणार नव्हतं.

मुकादमाला ब्रश ऐकू येत नसेल, पोराला येणार. तान्हा होता तेव्हापासून शेडच्या कोपऱ्यात तो याच सर्र सर्र आवाजावर झोपी गेला होता.

तिने ब्रश उचलला आणि जागच्या जागी उभी राहिली.

ब्रश भरलेला होता. खाली टेकवावा तर डाग, बालदीत ठेवावा तर बालदीची कडी वाजणार. तिने ब्रश जवळ ओढून बांबू काखेत दाबला आणि टपकणारा रंग दुसऱ्या हाताच्या खोलगट तळव्यात धरला. सरसाच्या वासाने घशात खोकला दाटला. तो तिने गिळला. पुन्हा गिळला. डोळ्यांत पाणी आलं. मुकादम खुणा करत होता, काय झालं? तिने मान हलवली.

पायाशी कड वाळत होती. आधी चकाकी गेली, मग रंग फिका पडला.

पलीकडे अवघड जागा आली. दोन्ही वेळा तो इथेच कोसळला होता. तिचा खांदा भरून आला होता, बांबू थरथरत होता. गज मात्र थरथरला नाही.

दिवा विझला. ती पोटभर खोकली.

"अहो, हे काय केलंत?" मुकादम कडेकडे बघतच राहिला. "उद्या हा पडदा टांगायचाय!"

"धुऊन पुन्हा रंगवते."

"सगळं?"

"अर्धं आभाळ करतात का कुठे?"

संध्याकाळी पोरगा धावत शेडमध्ये आला. "आई, जागा मिळाली!" मग त्याने धुतलेलं कापड पाहिलं, कोपरापर्यंत निळा झालेला तिचा हात पाहिला. परीक्षेच्या वेळी शेड रिकामी असते अशी त्याची समजूत होती, पण तिचं आभाळ मध्येच कधी थांबत नाही हे त्याला ठाऊक होतं. "तू इथे होतीस?"

"शेवटचा तुकडा घाईत वाजवलास," ती म्हणाली. "आणि तो हिसका अजून तसाच आहे."

त्याने व्हायोलिनची पेटी भिंतीला टेकवली, बूट काढले आणि दुसरा ब्रश उचलला.

"मनगटाने नको," ती म्हणाली. "खांद्यातून ओढ. आणि मध्ये थांबू नकोस."