रामसेवकचा पेचकस

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवाला नाही — देवापुढे उभा राहिलो की मी घाईघाईने नातवंडांच्या परीक्षांवर येतो. तुम्हाला सांगतोय, तेही मराठीत. का, माहीत आहे? झाशीत मराठी वाचणारे आता कितीसे उरलेत? माझ्या नातवंडांना ती कळते, वाचता येत नाही. आणि ज्यांनी हे खरं वाचायला हवं, त्या टहरौलीच्या रामसेवकच्या घरात तर कुणालाच ती येत नाही. म्हणजे कबुली द्यायलासुद्धा मी आडोसा शोधला. यावरूनच ओळखा, माणूस कसा आहे तो.

हवाई दलात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. विमानांची देखभाल करणारा तंत्रज्ञ म्हणून लागलो, वॉरंट ऑफिसर होऊन घरी आलो. आता ओरछा गेटजवळच्या घरी असतो. मानिक चौकात भाजी घ्यायला गेलो तरी दुकानदार खुर्ची पुढे करतात. आम्हा इथल्या जुन्या हवाई सैनिकांचा एक रिवाज आहे. आमच्यातला कुणी गेला, की तेराव्याला सगळे कोटावर पदकं लावून त्याच्या घरी जातो, आणि एकजण त्याच्याबद्दल चार शब्द बोलतो. तो एकजण बहुतेक वेळा मीच. बोलण्यात मी पहिल्यापासून पटाईत. बोलायला हवं होतं तेव्हा मात्र —

थांबा. आधी रामसेवकबद्दल सांगतो.

तो झाशीजवळच्या टहरौलीचा, मी झाशीचा. सीमेजवळच्या एका तळावर आम्ही भेटलो आणि घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. माझ्याहून तो लहान, माझ्याच हाताखाली. मला दद्दा म्हणायचा, थोरल्या भावाला म्हणतात तसं. सुट्टीवरून येताना त्याच्या आईने केलेले लाडू आणायचा आणि पहिला मला द्यायचा. काम करताना गुणगुणायचा, फार बेसूर. मी चिडायचो. आज कधी कधी मीच तसं बेसूर गुणगुणतो.

आमच्याकडे एक नियम फार कडक. प्रत्येकाची हत्यारांची पेटी वेगळी, आणि काम संपलं की पेटीतला प्रत्येक नग जागेवर दिसला पाहिजे. एखादा जरी हरवला तरी विमान उडत नाही. उगीच नाही — विसरलेला एक पाना आत कुठे अडकला, तर वैमानिकाच्या जिवावर बेततं. दुसऱ्याच्या पेटीला न विचारता हात लावायचा नाही, हा त्यातलाच पोटनियम. पोरांना तो घसा फोडून शिकवायचा कोण? मीच.

एका दुपारी माझ्या चष्म्याचा स्क्रू सैल झाला. रामसेवक विमानाच्या पोटाखाली होता. मी त्याच्या पेटीतला बारीक पेचकस उचलला, चष्मा नीट केला आणि चहाला निघून गेलो. इतकंच. काम संपल्यावर पेटीत पेचकस नाही म्हणून गलका झाला. विमान थांबलं. मीसुद्धा शोधायला लागलो — खरोखर शोधत होतो हो, माझ्या डोक्यातून ते पार गेलं होतं. वाकलो, आणि खिशातलं काहीतरी मांडीला टोचलं.

तेव्हा बोललो असतो तर काय झालं असतं? साहेबांनी झापलं असतं. पोरं चार दिवस माझ्या पाठीमागे हसली असती. माझी बढती अगदी तोंडाशी आली होती, ती कदाचित अडली असती. मी हात खिशातून बाहेर काढला, रिकामा, आणि पुन्हा शोधायला लागलो. झाडलेला कचरा चिवडला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, तशा मारत सगळ्यांदेखत रामसेवकवर ओरडलोही. तो घामाने निथळत होता. म्हणाला, "हमाए हाथ सें कऊँ गिर गओ हुइए, दद्दा. हमें कछू याद नईं आ रओ."

माझ्या हातून कुठेतरी पडला असेल, म्हणत होता तो. त्याने कुणावर संशय घेतला नाही. स्वतःवर घेतला.

विमानाचा भाग न् भाग उघडून पाहिला. वैमानिकाला धोका नाही हे तिथे फक्त मला ठाऊक होतं, आणि त्याचाच आधार घेऊन मी गप्प राहिलो. पेचकस सापडला नाही. रामसेवकला शिक्षा झाली, त्याला पुन्हा विमानाला हात लावू दिला नाही. स्टोअरमध्ये खोकी मोजायला बसवलं. नोकरीची मुदत संपली तेव्हा पुढे ठेवून घेतलं नाही. मला बढती मिळाली. त्याचे पेढे मी त्यालाही दिले, आणि त्याने ते खाल्ले.

पेचकसाचं काय केलं? सुट्टीत घरी आलो तेव्हा ओरछ्याला दर्शनाला जातो म्हणून निघालो आणि बेतवा नदीत टाकून आलो. नंतर दर्शनही घेतलं.

गेल्या हिवाळ्यात रामसेवक गेला. तेराव्याला आम्ही सगळे टहरौलीला गेलो. त्याचा मुलगा, शाळेत मास्तर आहे, मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताऊजी, बाबूजी आख़िर तक पूछते रहे कि वो पेचकस गया कहाँ. मुझे भी फ़ौज में नहीं जाने दिया. कहते थे, हमारे ख़ून में लापरवाही है."

आमच्या रक्तातच निष्काळजीपणा आहे — मुलाला असं सांगत तो जगला.

आता तरी बोलावं की नाही? रामसेवकची बायको पदराआड बसली होती, सगळा गाव समोर होता, कोटावर माझी पदकं होती. मी उभा राहिलो. रामसेवकचं कौतुक केलं, त्याच्या आईच्या लाडवांचं केलं. आणि मग, कुणीही विचारलं नसताना, मी म्हणालो, "ग़लती किससे नहीं होती? रामसेवक से भी एक हुई. मैं वहाँ था. मैंने उसे उसी दिन माफ़ कर दिया था."

लोकांनी माना हलवल्या. पदराआडून हुंदका आला. माझा सोबती कानाशी पुटपुटला, "बड़ा दिल है आपका." मुलगा उठून पुढे आला, डोळे भरलेले. म्हणाला, "ताऊजी, बाबूजी ये सुन लेते तो चैन से जाते." आणि वाकून त्याने माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

मी पाय मागे घेतले नाहीत. त्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला.