धानाच्या बांधीतला भोंगा

मला जे संगीत आवडतं त्याला आमच्या घरात 'मिक्सर' म्हणतात. फोन आला की आई स्वयंपाकघरातून सांगते, तुझं मिक्सर बंद कर आधी. मी चिडत नाही. चिडायचं कशाला, वर्णन काही फार चुकलेलं नाही.

या बँडांमध्ये गिटार असते, पण ती वाजवायची नसते, छळायची असते. ड्रमवाला एक ठेका धरतो आणि तो मग सोडतच नाही, आपल्याला वाटतं हा माणूस जेवतो कधी. गाणारा कुठल्यातरी विहिरीत पडलेला असतो आणि त्याला कुणी बाहेर काढत नाही. मग हळूहळू सगळं गरगरायला लागतं, आवाजावर आवाज चढतो, आणि एका क्षणी आपल्याला कळेनासं होतं की डोकं दुखतंय की बरं वाटतंय. मला बरं वाटतं. असे बँड जपानात आहेत, अमेरिकेत आहेत, तळघरात वाजवतात, त्यांना ओळखणारे लोक जगात मूठभर. त्या मुठीतले दोघं भंडारा जिल्ह्यातले आहेत. एक मी, दुसरा माझा मावसभाऊ. तो माझ्यापेक्षा लहान. सानगडीला त्याचा मंडप-डेकोरेशन आणि साऊंडचा धंदा आहे.

मला ही सवय नागपूरच्या होस्टेलात लागली. खोलीतली मुलगी परीक्षेच्या आधी कानात हेच घालून झोपायची. एकदा मी तिचा हेडफोन घेऊन बघितला, तर वाटलं फोन बिघडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतला. तिसऱ्या दिवशी तिनं मला माझा वेगळा हेडफोन आणायला सांगितलं. आता मी लाखांदूरला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते, रोज एसटीनं जाते-येते. आमच्या एसटीच्या खिडक्या अशा काही खडखडतात की गाणं कुठं संपलं आणि गाडी कुठं सुरू झाली ते ठरवणं कठीण. खरं सांगू? एसटीत ते जास्तच चांगलं वाटतं.

लोक विचारतात, यात काय आवडतं तुला? मी पूर्वी फार मोठं उत्तर द्यायची. आता सरळ सांगते की दिवसभर मी गोड बोलते. पोरांशी गोड, त्यांच्या आईबापांशी गोड, सरांशी गोड, सोयरीक घेऊन येणाऱ्या बायकांशी तर साखरेच्या वर. कुणीतरी माझ्या वाटचं बोंबलतंय हे ऐकून जिवाला थंडावा मिळतो. यावर लोक थोडे मागे सरकतात.

या संगीताच्या चाहत्यांचं एक वेगळंच असतं. इंटरनेटवर आमचा एक अड्डा आहे, तिथं जगभरचे दर्दी जमतात आणि सगळे मिळून नाकं मुरडतात. एखादा बँड जरा सुरात आला की संपला. "यांचं पहिलं काम खरं, आता गाणी करायला लागले," असं कुणी लिहिलं की खाली पन्नास जण हळहळतात. मी आणि मावसभाऊही हळहळायचो. त्याच्या गोदामात ताडपत्रीच्या थप्पीवर बसून, ज्या देशात कधी जाणार नाही तिथल्या पोरांनी स्वतःचं कसं नुकसान करून घेतलं, यावर आम्ही चहाचे चहा रिचवलेत.

हे सगळं आमच्या शेतात गेलं ते डुकरांमुळे.

आमचं शेत गावाला लागूनच, बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पलीकडे. धानाच्या लोंबीत दूध भरलं की रानडुकरं येतात, खातात थोडं आणि लोळवतात जास्त. म्हणून आमच्याकडे शेतात बॅटरीवरचा भोंगा लावतात. त्यात मेमरी कार्ड घालायचं, संध्याकाळी चालू करून घरी यायचं, तो पहाटेपर्यंत ओरडत राहतो. बाबांच्या भोंग्यात आधी कुत्र्याचं भुंकणं होतं. डुकरं चार दिवसांत सरावली. मग बाबांनी वाघाची डरकाळी आणली, तर डुकरं सोडून माणसंच घाबरली. सायकलवरून घरी चाललेले एक गुरुजी सायकलीसकट बोडीत उतरले. गावानं वाघ बंद करायला लावला. तेव्हा मावसभावानं, कुणाला न विचारता, आमच्या लाडक्या बँडांचं एक कार्ड भरून बाबांच्या भोंग्यात सारलं.

डुकरं अशी पळाली की आठवडाभर फिरकली नाहीत.

त्या दिवसापासून बाबा आमच्या अड्ड्याचे सभासद झाले, त्यांना न कळता. सकाळी चहा पिताना ते बँडांचं परीक्षण करायचे. नावं त्यांना ठाऊक नव्हती, पण कुठला आवाज काल रात्री होता ते बरोबर सांगायचे. जपानवाले त्यांच्या मते एक नंबर. एका अमेरिकन बँडच्या नव्या कामावर मात्र ते नाराज होते.

"याच्यात मधात मधात गानं लागते," ते म्हणाले. "गानं लागलं का डुकरं घुसते. बिनागान्याचं आन."

जगातले सगळे दर्दी त्या बँडबद्दल तंतोतंत हेच म्हणत होते. मी ते मावसभावाला फोनवर सांगितलं, तर तो हसून हसून बेजार.

आता आमची गोष्ट. आम्ही दोघांनी स्वतःचंही एक काम केलं होतं, हे मी घरी सांगितलं नव्हतं. मावसभावाकडे एका नाटक कंपनीनं टाकून दिलेला ऑर्गन होता, अर्ध्या पट्ट्या मुक्या. तो त्यानं अ‍ॅम्प्लिफायरला जोडला, माईक स्पीकरसमोर धरून किंचाळायला लावला, आणि मंडपाचे लोखंडी पाइप एकमेकांवर आपटले. मला गायचं होतं. पण शब्द काय गाणार? मराठीत असं काही कुणी गायलेलं मी तरी ऐकलं नव्हतं, आणि इंग्रजीत मला लाज वाटत होती. शेवटी तोंडात जे आलं ते मी ओरडले. लहानपणी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं राहून बाबांना जेवायला हाक मारायची, ती लांबलचक हाक. तीच पुन्हा पुन्हा, घसा बसेपर्यंत. आम्हाला ते भारी वाटलं. आम्ही ते इंटरनेटवर टाकलं, अड्ड्यावरही पाठवलं.

कुणी काही म्हणालं नाही. शिव्यासुद्धा नाही. ऐकणाऱ्यांचा जो आकडा दिसायचा त्यात मी होते, मावसभाऊ होता, आणि बहुतेक पुन्हा मीच. तेव्हा मला किती वाईट वाटलं ते आज हसत लिहिता येतं, पण मी तेव्हा आठवडाभर हेडफोनला हात लावला नव्हता. आपण जे केलं ते काहीतरी आहे की नुसता गोंगाट, हे एका तरी माणसानं सांगावं, एवढंच हवं होतं. आणि ज्या संगीताला जग गोंगाट म्हणतं त्याच्या चाहतीनं कुणाला विचारायचं, की माझा गोंगाट बरोबर आहे का?

मावसभावाला उत्तर सुचलं. बाबा नवीन कार्ड मागतच होते. त्यानं कार्डावर फक्त आमचं काम भरलं, एकामागे एक तेच.

"ताई, डुकरं भागले तं आपन बँड," तो म्हणाला. "नाही भागले तं मंडपच बरा."

मी नको म्हटलं. धान उभं होतं, एका रात्रीत वाट लागू शकते. पण खरं म्हणजे मला धानाची भीती कमी आणि निकालाची जास्त होती. तो म्हणाला, एकच रात्र. मी कार्ड बाबांच्या हातात दिलं, नवीन आहे म्हणाले, आणि लवकर झोपले, पंखा मोठा करून, म्हणजे काही ऐकू यायला नको.

सकाळी उठले ती आईच्या आवाजानं. बोडीकडची बांधी, धानाचा तो अख्खा तुकडा, डुकरांनी पार झोपवला होता. आई अंगणात उभी राहून बाबांना फैलावर घेत होती आणि बाबा खाटेवर बसून चहा फुंकत होते. मला तिथंच निकाल कळला. आम्ही बँड नव्हतो. डुकरांनासुद्धा आमचं काही वाटलं नाही. मी मोरीपाशी उभी राहून दात घासत होते आणि बाबांकडे बघायची माझी हिंमत होत नव्हती.

पण आईचा राग बांधीचा नव्हता, निदान तेवढाच नव्हता. तिचं म्हणणं होतं की हा माणूस घरी झोपला असता आणि डुकरांनी खाल्लं असतं तर समजून घेतलं असतं. हा माणूस तिथं होता. सगळ्यांची जेवणं होऊन अंथरुणं पडल्यावर बाबा अंगणात बिडी ओढत बसले होते. शेताकडून त्यांना कुणीतरी हाक मारत होतं. जेवायला या म्हणत होतं. त्यांनी घरात येऊन पाहिलं, मी झोपलेली. मग बॅटरी घेऊन गेले, भोंग्यापाशी धुऱ्यावर बसले, आणि डुकरं समोर बांधीत शिरली तरी बसून राहिले. तिकडून जाणाऱ्या शेजाऱ्यानं पाहिलं आणि सकाळी येऊन आईला सांगितलं. आईला वाटत होतं, यांना काही बाहेरचं तर लागलं नाही ना.

मी चूळ भरली आणि त्यांच्यासमोर गेले. म्हटलं, बाबा, कार्ड माझं होतं, त्यात मीच होते, तुमची बांधी माझ्यामुळे गेली. ते म्हणाले, मले मालूम आहे, तुया आवाज मले नाही समजन का?

"मंग डुकरं दिसले तं हाकलले काहून नाही?" मी विचारलं.

"हाकलाचं म्हनजे ओरडा लागते," बाबा म्हणाले. "तू गाऊन राहिली होती. मधात कसा ओरडू?"

मला एकदम रडू फुटलं, चांगलं मोठ्यानं. आईला वाटलं धानासाठी रडते. ती लगेच नरमली, पाठीवर हात ठेवून म्हणाली, जाऊ दे वो, एकच बांधी गेली, बाकी धान उभं आहे.