शनिवारचा क्लास कुणी घ्यायचा

आमच्या मेथडिस्ट मंडळीत लोकल प्रीचरचं लायसन दरवर्षी नवं करून घ्यावं लागतं. लोकल प्रीचर म्हणजे पगारी पाळक नव्हे. घरदार सांभाळून, पाळक नसतील त्या रविवारी उपासना चालवणारी माझ्यासारखी माणसं. आमच्या पाळकसाहेबांकडे अहमदपूरपासून पार नायगावच्या बाजूपर्यंत विखुरलेली सात गावं. मोटारसायकल कितीही पळवली तरी एका गावाला त्यांचा महिन्यातून एकच रविवार येतो. बाकीचे रविवार आमच्या जिवावर.

लायसन नवं करायची रीत अशी. वर्षाच्या सभेत तुमचं नाव पुकारलं की उठायचं, बाहेर जायचं आणि दार ओढून घ्यायचं. आत डीएस साहेब, म्हणजे लातूरहून आलेले जिल्ह्याचे वरिष्ठ पाळक, सगळ्यांना विचारतात, "यांच्याविरुद्ध कुणाला काही म्हणायचंय?" कुणी काही म्हणत नाही. दोन मिनिटांत आत बोलावतात, हात मिळवतात, झालं. अकरा वर्षं मी अशी बाहेर गेले आणि आत आले.

यंदाही गेले. चर्चच्या पायरीवर उभी राहिले. मागच्या अंगणात पुलावाला फोडणी पडत होती. दोन मिनिटं झाली, पाच झाली, दहा झाली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं मास्तरकी केलेली बाई. वर्गाबाहेर उभं करायची सवय मला, उभं राहायची नाही. पंधरा मिनिटं झाली तेव्हा माझं डोकं तापलं. मनातल्या मनात आतल्या एकेकाची हजेरी घेतली. कोण बोललं असेल? कुणाची एवढी छाती झाली?

आत बोलावलं तेव्हा सगळे जमिनीकडं बघत होते. डीएस साहेब म्हणाले, "बसा बाई. एक सांगणं आलंय. माघारी बोललेलं तोंडावर बोलायचं, अशी आपली रीत आहे. ज्यांनी सांगितलं त्या उठून सांगतील."

आणि उठली कोण, तर माझीच लीडरीण!

तिची ओळख करून द्यायला हवी. अहमदपूरपासून एसटीनं पाऊण तासावर एक गाव आहे. तिथं चार वर्षांपूर्वी मी बायकांचा क्लास सुरू केला. हा क्लास म्हणजे शिकवणी नाही. दहा-बारा जणींनी आठवड्यातून एकदा बसायचं, आपापलं मन कसं आहे ते मोकळेपणी सांगायचं, एकमेकींसाठी प्रार्थना करायची. आमच्याकडची जुनी पद्धत. अशा क्लासातूनच पुढचे लीडर घडतात, असं मी मीटिंगा-मीटिंगांतून घसा कोरडा होईपर्यंत सांगत आले. ही बाई त्या गावच्या शाळेत खिचडी शिजवते. शिक्षण सातवी. तिला क्लास लीडर करा म्हणून मीच पाळकसाहेबांशी भांडले होते. त्यांना ती जरा कच्ची वाटत होती. मी म्हटलं, "तुम्ही बिनघोर राहा, मी तिला तयार करते."

तर ती उठली. पदराचं टोक बोटांना गुंडाळत होती, पण आवाज स्वच्छ होता.

"बाई, मी लीडर हाय असं कागदावर हाय. पर चार वर्सांत एकबी प्रार्थना म्या आमेनपर्यंत नेली न्हाई. मी सुरू करते, तुमी पुरी करता."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. मीही हसले. मला वाटलं, अगं, एवढंच ना?

"आजून हाय," ती म्हणाली. "दिवाळीच्या आदी आपल्यातली एक बाई तिच्या लेकीचं सांगून राहिली होती. लेक सासर सोडून आली म्हून. दोन वाक्यं बोलली का न्हाई, तुमी सुरू झालात. कुटं अर्ज द्यायचा, कुनाला भेटायचं, लेकीला कसं समजवायचं. अर्धा तास. मग प्रार्थना केलीत आन् एसटी धरलीत. तवापासून ती क्लासला येत न्हाई."

"मी तिच्या भल्याचंच सांगितलं ना!" मी म्हणाले. माझा आवाज चढलेला मलाच ऐकू आला.

"भल्याचंच की. पर तिला ते इचारायचंच नव्हतं. लेक आदी दोनदा आलती, तवा हिनंच तिला मारून परत घालवली होती, गावाला ठावं हाय. ते तिला सांगायचं होतं. तिच्या पोटात ते तसंच ऱ्हायलं, बाई."

डीएस साहेबांनी हलक्या आवाजात निकाल सांगितला: माझं लायसन नवं होईल, पण त्या गावचा क्लास ही बाई एकटी चालवेल. मला यायचं असेल तर बाकीच्या बायकांसारखं येऊन बसावं. मी म्हटलं, "बसते कशाला? लिहून देते राजीनामा." आणि पुलाव न खाता घरी आले.

घरी नवऱ्यापुढं सगळा दारूगोळा उडवला. एवढं शिकवलं, बोटाला धरून उभं केलं, आणि चारचौघांत माझंच नाक कापलं! आमचे हे एसटीत कंडक्टर होते, बडबड्या पॅसेंजरला निभावून न्यायची सवय आहे. मी दमल्यावर म्हणाले, "माणसं तयार झाली पाहिजेत, म्हणून तूच जीव टाकत होतीस. झालं की एक तयार. आता का बोंबलतीस?"

असा संताप आला म्हणून सांगू! दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. राजीनामा लिहायला कागदही काढला. लिहिता लिहिता कारण काय लिहायचं तिथं अडले. 'मी घडवलेली बाई खरं बोलली, सबब राजीनामा'? तो कागद फाडला आणि ठरवलं, जायचं. लाज वाटली तर वाटू दे. तिला मी तयार केली म्हणून मिरवत असेन, तर तिच्या हाताखाली बसून दाखवायला हवं. ते जमत नसेल तर मी चार वर्षं नुसत्या बाता मारत होते.

शनिवारी दुपारी एसटीनं गेले. लीडरिणीच्याच घरी, पत्र्याखाली बायका बसल्या होत्या. माझी नेहमीची खुर्ची कुणीतरी पुढं सरकवली. मी "नको" म्हटलं आणि सतरंजीवर बसले. गुडघ्यांनी तक्रार केली.

तिनं गाणं सुरू केलं, सूर भलताच वर लावला; सगळ्यांचा दम तुटला. शास्त्रपाठ वाचताना दोनदा अडखळली. माझी जीभ अशी शिवशिवत होती की दात घट्ट आवळून बसले. मग एकेकीला ती विचारू लागली आणि विचारून गप्प बसू लागली. बाई गं, ते गप्प बसणं! मी असते तर तेवढ्यात तीन उपदेश उरकले असते.

दाराजवळ ती लेकवाली बसली होती. लीडरीण आठवडाभर रोज तिच्या घरी जाऊन आली होती, हे मला मागाहून कळलं. तिची पाळी आली. ती बराच वेळ नुसती सतरंजीचा दोरा उपसत राहिली. कुणी हललं नाही. शेवटी ती म्हणाली, "म्या मारली तिला. चुलीतल्या लाकडानं मारली आन् गाडीत बसवली." आणि मोठ्यानं रडली. मी इतकी वर्षं त्या गावात जात होते, पण माझ्यासमोर असं कुणी कधी मन मोकळं केलं नव्हतं. मला माझी मनापासून शरम वाटली.

तिचं रडणं पुरतं ओसरल्यावर लीडरीण माझ्याकडं वळली.

"बाई, तुमचं मन कसं हाय?"

"देवाच्या कृपेनं चांगलं आहे," हे तोंडापर्यंत आलं होतं. चार वर्षं इथं तेच सांगत आले होते. पण त्या दाराजवळच्या बाईचे डोळे अजून ओले होते, तिच्यासमोर ते सांगवेना.

"चांगलं नाही," मी म्हणाले. "मला तुझा राग आलाय. लई राग आलाय."

वाटलं, आता ही माफी मागेल, निदान खाली बघेल. ती तशीच ताठ बसून राहिली.

"हाव," ती म्हणाली. "आजून बोला, बाई. आमाला घाई न्हाई."

मग मी बोलले. रिटायर झाल्यापासून माझं ऐकायला कुणी नाही. पोरं फोनवर हूं हूं करतात, शाळेपुढून गेले तर नवे मास्तर ओळखत नाहीत. आठवड्यातून एकदा या सतरंजीवर अकराजणी माझ्याकडं बघायच्या, म्हणून मी इथं येत होते. देवाचं नाव सांगून येत होते. एवढं बोलले आणि पुढचं रडण्यात गेलं.

कुणी उपाय सांगितला नाही. माझी सहाची एसटी चुकली तरी कुणी उठलं नाही.